वजनाच्या पोटातलं शिसं

काटेवाले रोज सकाळी दुकान उघडलं की सगळ्यात आधी स्वतःला मोजायचे. दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. दाराशीच पोती मोजायचा जुना लोखंडी काटा होता, खाली फळी आणि वर आडवी दांडी असलेला. चपला काढून ते फळीवर चढायचे, दांडीच्या टोकाला पन्नासचं वजन लटकवायचे, दांडीवरचं सरकतं वजन बोटाने हलकेच पुढे ढकलायचे आणि दांडी स्थिर झाली की मोठ्याने सांगायचे, "एकाहत्तर!" आत टेबलाशी बसलेल्या काकूंनी "हं" म्हटलं की दुकान उघडलं असं समजायचं.

यात वेडेपणा नव्हता, निदान सगळा नव्हता. काटा खरा आहे की नाही हे बघायला काहीतरी खात्रीचं वजन लागतं, आणि काटेवाल्यांचं म्हणणं असं की घरात फुकटचं माप असताना दुसरं कशाला उचला. तरुणपणापासून ते एकाहत्तर किलोचे होते. लग्न झालं तेव्हा एकाहत्तर, लेक जन्मली तेव्हा एकाहत्तर, लेकीला मुलं झाली तरी एकाहत्तरच. गल्लीतल्या सगळ्यांना हा आकडा पाठ होता. शेजारचा भंगारवाला तर म्हणायचा की सरकारी मापं हरवली तर काटेवाल्यांनाच कपाटात उभं करून ठेवतील.

माणूस आकड्याला पक्का होता. आयुष्यात खोटं बोलला नसेल असं मी म्हणत नाही. काकूंनी केलेली भाजी खारट झाली तरी तो मुकाट्याने खायचा आणि छान झालीये म्हणायचा, पण किती ग्रॅम, किती किलो, यात कधीच नाही. एका दुकानदाराने काटा दुरुस्तीला आणला आणि हळूच सुचवलं, जरा आमच्या बाजूला झुकू द्या. काटेवाल्यांनी काटा उचलून त्याच्या हातात दिला आणि दाराकडे बोट दाखवलं. काकू त्यांना चिडवायच्या, "अहो, हरिश्चंद्राला तरी बायको विकायला लागली. तुम्ही मला नुसतं उपाशी ठेवा म्हणजे झालं." त्यावर ते नुसते हसायचे. कधीतरी काकूंनीच विचारलं, मी जाड झाले का हो, तर उत्तर ठरलेलं असायचं, "चढ काट्यावर."

काकू दुकानात नुसत्या बसून राहायच्या नाहीत. वजनांचं काम त्यांच्याकडे होतं. लोखंडी वजन उलटं केलं की त्याच्या पोटात एक खळगा दिसतो. त्यात शिसं ओतलेलं असतं. वापरून वापरून वजन झिजलं की शिसं वाढवायचं, जास्त भरलं तर कोरून काढायचं, आणि बरोबर झालं की वरून आपला ठसा मारायचा. पळीत शिसं वितळवून ते बरोबर थेंबावर थांबवणं हे काकूंच्या हाताला जमायचं. काटेवाले दांड्या आणि त्या ज्यांवर झुलतात त्या धारा बघायचे, काकू पोटं भरायच्या. संसारही जवळपास असाच चालला होता.

मग एका सकाळी काटेवाले म्हणाले, "सत्तर."

काकूंनी "हं" म्हटलं नाही. मान वर करून बघितलं. काटेवाले फळीवरून उतरले, पुन्हा चढले, पुन्हा सत्तर. थोड्या दिवसांनी एकोणसत्तर, मग अडुसष्ट.

आता दुसरा कोणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. काटेवाल्यांनी काटा खोलला. आकडा चुकतोय म्हणजे काट्यात खोट आहे, हा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी फळी काढली, खालच्या दांड्या सोडवल्या, पोलादी धारा घासून लखलखीत केल्या, गंज खरवडला, सगळं परत जोडलं. वर चढले तर सदुसष्ट. परत खोलला. काकूंनीही पन्नासच्या वजनातलं शिसं तपासून दिलं. दोघं नवराबायको तीन ऋतू त्या काट्याच्या मागे लागली होती. एवढा निरोगी काटा साऱ्या शहरात नसेल. आणि तो बिचारा पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता.

जेवण कमी झालं होतं, पण काटेवाले म्हणायचे वय झालं. पोटात वरच्या बाजूला दुखायचं आणि ते दुखणं आरपार पाठीत निघायचं. ते म्हणायचे, काट्यावर वाकून वाकून पाठ धरली. रात्री पाठ टेकवेना, तेव्हा ते पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसून राहायला लागले. मग मात्र काकूंनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

दुखणं स्वादुपिंडाचं होतं. कॅन्सर. जठराच्या मागे दडलेला तो अवयव, लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगली होती आणि यकृतावरही ठिपके दिसत होते. कापून काढता येण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि जबर औषधं सोसायला अंगात ताकद नव्हती. हे सगळं काकूंना आणि लेकीला एका लहान खोलीत सांगितलं गेलं. काटेवाले बाहेर बाकावर बसून समोरच्या वजनाच्या यंत्राकडे संशयाने बघत होते. त्या यंत्रावर ते काही केल्या चढले नाहीत. दुसऱ्याच्या काट्यावर मी उभा राहत नाही, असं त्यांनी परिचारिकेला सांगितलं आणि घरचा आकडा लिहून घ्यायला लावला. चौसष्ट.

त्यांना सांगायचं नाही, हे लेकीने ठरवलं. काकूंनी मान डोलावली. बाबा खचतील, लेक म्हणाली, आहेत ते दिवसही जातील. सूज आहे, हळूहळू उतरेल, एवढंच बोलायचं. डॉक्टरीणबाईंना हे पसंत नव्हतं. त्या तरुण होत्या, हळू बोलायच्या, पण गुळमुळीत बोलायच्या नाहीत. मी आपणहून तोडून टाकल्यासारखं सांगणार नाही, त्या म्हणाल्या, पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. त्या दिवसापासून काकूंना एकच धास्ती लागली. ह्यांनी विचारलं तर.

काटेवाल्यांनी विचारलं नाही. ते फक्त रोज सकाळी दुकानात येऊन काट्यावर चढायला लागले. पूर्वी चढायचे ते काट्याची परीक्षा घ्यायला, आता चढायचे ते आपलीच परीक्षा द्यायला. त्रेसष्ट, म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा असा उतरायचा की काकूंना टेबलाशी बसवेना. मग बासष्ट. त्या दिवशी ते फळीवरून उतरले आणि दिवसभर काट्याकडे पाठ करून बसले. सूज उतरत असती तर वजन चढलं असतं, एवढं कळायला काटेवालाच असावं लागत नाही.

त्या संध्याकाळी ते घरी गेल्यावर काकूंनी पन्नासचं वजन हातात घेतलं.

या काट्याची एक गंमत आहे, ती सांगायलाच हवी. खाली फळीवर किलोभर माल चढला तर वर दांडीला दहा ग्रॅम पुरतात. म्हणून ज्यावर पन्नास लिहिलेलं असतं ते वजन खरं अर्धाच किलो असतं. त्याच्या पोटातून दहा ग्रॅम शिसं काढलं, म्हणजे चिंचोक्याएवढा तुकडा, की फळीवरचा माणूस किलोभराने वाढतो. रिकामा काटा मात्र अगदी बरोबर दिसतो. ही चोरी पकडायला वजनच तोलून बघावं लागतं. आयुष्यभर ज्या लबाडीला दोघांनी दार दाखवलं होतं, ती काकूंनी आपल्या हाताने केली. कोरलेल्या जागी लाकडाची खुंटी ठोकली, वरून शिशाचा पातळ पापुद्रा ओतला, ठसा मारला. काढलेला तुकडा कागदात गुंडाळून घरच्या बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला. पुढे तो परत भरायचाच होता. कधी, हा विचार त्यांनी केला नाही.

हाताला कळेल ही भीती होती. ह्या माणसाच्या हाताला पाच ग्रॅमचा फरक कळायचा. पण आजारी हाताला सगळंच जड लागतं, त्याच भरवशावर काकू होत्या.

दुसऱ्या दिवशी काटेवाल्यांनी वजन लटकवलं, सरकवलं आणि म्हणाले, "त्रेसष्ट." थोडं थांबून म्हणाले, "चढलं की गं."

काकू "हं" म्हणाल्या आणि कामाचं निमित्त करून मागच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या.

तेव्हापासून काकूंचा तो उद्योगच झाला. आकडा उतरायला लागला की एक तुकडा काढायचा. काटेवाले त्रेसष्टवर थांबले, मग चौसष्ट, मग पासष्ट. भंगारवाल्याला त्या काट्यावर माल मोजायची जुनी सवय होती. काकूंनी त्याला फळी नादुरुस्त आहे म्हणून परत पाठवलं. तो कुरकुरला, काटेवाल्यांच्याच दुकानात काटा नादुरुस्त म्हणजे न्हाव्याच्याच डोक्याचं जंगल झालं म्हणाला. पण खोट्या काट्यावर दुसऱ्याचा माल मोजायची काकूंची छाती झाली नाही. फसवायचं ते आपल्याच माणसाला.

दुखणं मात्र कुठल्या शिशाला फसेना. गोळ्या वाढल्या, मग जालीम गोळ्या आल्या. त्या गोळ्यांनी काटेवाले दिवसभर गुंगीत राहायचे, पोट साफ व्हायचं नाही, आणि गुंगी उतरली की पुन्हा उशी पोटाशी. दुकान बंदच पडलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुईचा उपाय सुचवला.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तोंडातून दुर्बीण जठरात जाते. तिच्या टोकाला सोनोग्राफीचं अगदी लहान यंत्र असतं. पोटावरून बघताना आतडी आणि हवा आड येते, जठराच्या आतून बघितलं की भिंतीपलीकडचं सगळं जवळ दिसतं. तिथे महाधमनीला पोटाकडे जाणारी मोठी शाखा फुटते आणि तिच्या मुळाशी नसांचं जाळं असतं. स्वादुपिंडाचं दुखणं त्या जाळ्यातूनच वर कळतं. दुर्बिणीतूनच बारीक सुई काढायची, पडद्यावर बघत बघत जठराची भिंत ओलांडून त्या जाळ्याशी न्यायची, आधी बधिर करायचं औषध आणि मग शुद्ध अल्कोहोल सोडायचं. त्याने नसा मरतात. टाके नाहीत, पोट फाडणं नाही.

काटेवाले लक्ष देऊन ऐकत होते. कसलीही यंत्रणा त्यांना आवडायची. म्हणाले, जन्मात दारूचा थेंब घेतला नाही आणि आता नेमका मीच सापडलो होय. डॉक्टरीणबाई हसल्या. काकूंना मात्र त्यांनी बाहेर नेऊन वेगळं सांगितलं. हे दारावरची घंटा बंद करण्यासारखं आहे, काकू. दारात जो आलाय तो जात नाही. आराम काही आठवडे टिकेल, टिकला तर काही महिने. सुरुवातीला दुखणं थोडं वाढेलही, जुलाब होतील, उठल्यावर चक्कर येईल. काहींना गुणच येत नाही.

काकू हो म्हणाल्या. घंटा तर घंटा, बंद होऊ दे.

सुईच्या दिवशी काकू बाहेर बसल्या. काचेच्या दारापलीकडे काटेवाल्यांना डाव्या कुशीवर निजवलेलं क्षणभर दिसलं. उशाशी दातांत धरायची प्लॅस्टिकची कडी, हाताला सलाइन, बोटाला चिमटा. मग पडदा ओढला गेला. आत गुंगीचं औषध द्यायच्या आधी डॉक्टरीणबाई आणि ते दोघंच बोलणार होते, आणि काकूंचा जीव तिथेच अडकला होता. शेजारच्या बाकावरची बाई घरच्या गोष्टी सांगत होती. काकूंनी एकही ऐकली नाही.

पुष्कळ वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सुई नीट बसली होती. रक्तदाब जरा उतरला होता, तो सलाइनने वर आला होता. काकूंनी दबक्या आवाजात पहिला प्रश्न केला तो हा, की ह्यांनी काही विचारलं का.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त विचारलं, ही सुई टिकते किती दिवस. मी सांगितलं."

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. दुरुस्तीवाल्या माणसाने हमी विचारायचीच. स्वतः काटा परत देताना गिऱ्हाइकाच्या तोंडून हाच प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकला होता. त्यात काकूंना काही वावगं वाटलं नाही.

पहिले दोन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर काटेवाले पाठ टेकून झोपले होते. उशी पोटाशी नव्हती, डोक्याखाली होती. किती काळाने माणूस सरळ झोपला होता. काकू दाराला टेकून बघत राहिल्या. त्यांना एवढा आनंद झाला की त्याचीच भीती वाटली.

गोळ्या कमी झाल्या, गुंगी उतरली, आणि काटेवाले दुकानात जायचं म्हणायला लागले. एक दिवस काकू औषधं आणायला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर घरात कोणी नाही. धावतपळत दुकानात गेल्या. काटेवाले टेबलाशी बसले होते आणि वितळलेल्या शिशाचा वास सुटला होता. "हात चालतोय का बघितलं," ते म्हणाले. आणि शर्टाचं बटण तुटलं होतं तेही मीच लावलं हं, डबा शोधायला मात्र जन्म गेला, असंही सांगितलं. काकू त्यांच्यावर रागावल्या, अशा अंगाने कशाला एकट्याने यायचं म्हणाल्या, आणि बटण कसं उलटं लावलंय ते दाखवून हसल्याही.

दुसऱ्या दिवशी काटेवाले काट्यावर चढले. काकूंनी गेल्या काही दिवसांत वजनाला हात लावला नव्हता, त्यामुळे आकडा किती उतरला असेल या चिंतेत त्या कान देऊन बसल्या होत्या.

"पासष्ट."

उतरला नव्हता. काकूंना खरं वाटेना. चार दिवसांनी सहासष्ट. मग सदुसष्ट. काकूंनी काही केलं नव्हतं. शिसं जेवढं काढलं होतं तेवढंच काढलेलं होतं, त्याचे चार तुकडे कागदात होते. खोटा का होईना, काटा तेवढ्याच अंतराने खोटा होता. म्हणजे आकडा चढला तो माणसाच्या अंगातून चढला. हिशेब सरळ होता आणि काकू हिशेबाच्या घरात नांदल्या होत्या.

डोळ्यांना दिसत नव्हतं असं नाही. गळ्याची हाडं वर आली होती, घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. पण त्या घरात डोळ्यांवर कोणी कधी विश्वास ठेवला नव्हता. डोळ्यांना काय, गव्हाचं पोतं आणि कापसाचं पोतं सारखंच दिसतं. शेवटचा शब्द काट्याचा.

काकूंनी लेकीला फोनवर सांगितलं की वजन चढतंय. लेक म्हणाली, आई, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते आठवतंय ना? काकूंना राग आला. डॉक्टर देव आहेत का, त्या म्हणाल्या. त्या सुईने आतली गाठही जळाली असेल. दारू काय कमी जळजळीत असते. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच पटत गेलं. ज्या बाईने स्वतः खरं लपवायला मान डोलावली होती, तीच आता आपल्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं अशी वागायला लागली.

त्यांनी शिंप्याकडे जुन्या मापाने दोन पँटी शिवायला टाकल्या. काटेवाल्यांनी त्या घातल्या, पट्टा आवळून आवळून नवीन भोक पाडलं आणि म्हणाले, शिंप्याचा हात बिघडला वाटतं. काकूही म्हणाल्या, बिघडलाच. शिंप्याकडे जाऊन त्या चार शब्द सुनावूनही आल्या.

भंगारवाला पोतं घेऊन दारात आला तेव्हा काकू घाईने उठल्या, पण काटेवाले आधीच म्हणाले, "घे रे मोजून, काटा बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी काकूंनी आडून आडून भंगारवाल्याला विचारलं, मोठ्या वखारीत वजन किती भरलं म्हणून. तो म्हणाला, तुमच्या इथे भरलं तेवढंच, तंतोतंत. काकू बुचकळ्यात पडल्या. मग त्यांनीच समजूत काढली, पोतं हलकं असेल, पन्नासचं वजन लागलंच नसेल. माणसाला हवी असते ती समजूत कुठेही मिळते.

आणि एका सकाळी काटेवाले फळीवर चढले, चांगला वेळ लावला, आणि जुन्या आवाजात म्हणाले, "एकाहत्तर!"

काकूंना "हं" म्हणता आलं नाही. त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या, आणि काटेवाले फळीवरून उतरून, भिंतीला धरत धरत त्यांच्यापाशी आले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. "झालं ना मनासारखं?" ते म्हणाले. काकूंनी मान हलवली. ते दिवस त्यांच्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते असं म्हटलं तर कोणाला पटणार नाही. पण होते. दोघं दुपारी दुकानातच जेवायची, काटेवाले दोन घास खायचे आणि पोट भरलं म्हणायचे, आणि काकूंना वाटायचं की एकाहत्तर किलोच्या माणसाला दोन घासही पुरत असतील.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्या सुमाराला दुखणं परत आलं. आधी हळू, मग पूर्वीसारखंच. दुसऱ्यांदा सुई देऊन फारसा उपयोग होत नाही, त्या म्हणाल्या. आता औषधांनी झोपवून ठेवता येईल. काकूंनी तिथेच भांडण काढलं. वजन एकाहत्तर आहे, माणूस बरा होत होता, तुम्ही काहीतरी चुकलात. डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे बघितलं, मग खाटेवरच्या काटेवाल्यांकडे बघितलं. काटेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या.

काटेवाले गेले ते घरीच, दिवसाउजेडी, काकूंचा हात हातात असताना. शेवटपर्यंत त्यांनी आपल्याला काय झालंय हे विचारलं नाही. काकूंना एवढंच समाधान होतं की निदान ह्यांना कळलं नाही. आपल्याला मात्र आशेने फसवलं, त्या लेकीपाशी म्हणाल्या, काट्यानेही फसवलं.

पुष्कळ दिवस दुकान बंद होतं. मग एका सकाळी भंगारवाला घरी आला. पोतं मोजायचं होतं, दुसरीकडे त्याचा विश्वास बसत नव्हता. काटेवाले म्हणाले होते काटा बरोबर आहे, तो म्हणाला. काकूंच्या मनात आलं, मेलेल्या माणसाच्या नावावर खोटा काटा ठेवायचा नाही. आज ते शिसं परत भरायचंच. थोडा वेळ थांब, त्या म्हणाल्या, आणि बटणांचा डबा घेऊन दुकानात गेल्या.

पळी शेगडीवर ठेवली. डब्याच्या तळाशी कागदाची पुडी होती, तशीच फुगीर. हातात घेतली तर हलकी लागली. उघडली तर आत बटणं होती. शर्टाची, जुन्या झग्याची, लेकीच्या लहानपणीच्या फ्रॉकची, नीट दाबून बसवलेली, पुडी फुगीर दिसावी म्हणून.

काकूंनी पन्नासचं वजन उलटं केलं. पोटातलं शिसं काठोकाठ भरलेलं होतं. खुंटी नव्हती. वर ठसा होता, पण काकू नेहमी मधोमध मारायच्या, हा कडेला होता, जरासा तिरका, थरथरत्या हाताने मारलेला. त्यांनी कपाटातलं अर्ध्या किलोचं प्रमाण वजन काढलं आणि लहान तराजूत समोरासमोर ठेवलं. काटा मधोमध उभा राहिला. केसाचाही फरक नव्हता.

शिशाचा तो वास त्यांना आठवला. बटण आठवलं. म्हणजे दुकानात परत आल्याच्या पहिल्या दिवसापासून काटा खरा होता. पासष्ट म्हणाले तेव्हा दांडी पासष्टवर नव्हतीच. सहासष्टवर नव्हती, सदुसष्टवर नव्हती. फळीवर उभा राहून तो माणूस रोज आपलं खरं वजन डोळ्यांनी वाचत होता, आणि तोंडाने बायकोला हवं ते सांगत होता. खोटा काटा त्यांना सहन झाला नव्हता. तो त्यांनी आधी दुरुस्त केला, आणि मगच खोटं बोलायला घेतलं.

शेगडीवर रिकामी पळी तापत होती. काकूंनी ती उतरवून ठेवली. ज्या माणसाचं वजन गल्लीतल्या पोरासोरांना पाठ होतं, तो जाताना किती किलोचा होता हे आता कोणालाही कळणार नव्हतं. काकूंना ते फार लागलं. बाकी सगळ्यापेक्षा तेच लागलं.

"अहो," त्या मोकळ्या फळीकडे बघत म्हणाल्या, "मला तरी खरं सांगायचंत." आणि आपण काय बोललो ते कळून त्या तिथेच खाली बसल्या.

बराच वेळ गेल्यावर भंगारवाल्याने बाहेरून हाक मारली, काकू, आणू का पोतं. काकूंनी पदराने तोंड पुसलं, उठून पन्नासचं वजन दांडीला लटकवलं आणि दार पूर्ण उघडलं.

"आण," त्या म्हणाल्या. "काटा बरोबर आहे."